आडात कुठून येतं?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ही म्हण सध्या माझा पिच्छा सोडत नाही. वर्गात जाताना, पेपर तपासताना, फैजपूरहून सावद्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या केळीच्या बागा बघताना ती आपोआप ओठावर येते. अभियांत्रिकीच्या पदवीसाठी काय सक्तीचं असावं, काय काढून टाकावं, यावर आम्ही शिक्षक मंडळी बोलायला बसलो की कुणी ना कुणी ही म्हण टाकतोच. ती पडली की सगळे माना डोलावतात आणि बोलणं तिथेच थांबतं. कारण प्रत्येकाला तिच्यात आपल्या पसंतीचा आड सापडतो. गणिताचे सर म्हणतात, बारावीचं कॅल्क्युलस कच्चं आहे, मी तरी काय करू? वर्कशॉपचे सर म्हणतात, पोरांनी घरी कधी खिळा ठोकलेला नसतो. प्लेसमेंट बघणारे म्हणतात, चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. विद्यार्थ्यांना विचारलं तर ते बहुतेक आमच्याकडे बोट दाखवतील, आणि तेही अगदीच चुकीचं ठरणार नाही.

आड कोरडा आहे यावर एकमत आहे. तो कोणता, यावर नाही.

पोहऱ्याची, म्हणजे अभ्यासक्रमाची, मात्र आम्हाला बारीकसारीक माहिती आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) २०१८ साली आदर्श अभ्यासक्रम काढला आणि दोनशेच्या पुढे गेलेली क्रेडिट १६० वर आणली. पोरांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, त्यांना विचार करायला वेळ मिळेल, हा हेतू चांगलाच होता. मग नवं शैक्षणिक धोरण आलं आणि २०२३ साली महाराष्ट्र शासनाने अभियांत्रिकीसाठी आराखडा दिला. चार वर्षांत १६० ते १७६ क्रेडिट. त्यात दुसऱ्या एखाद्या शाखेच्या मायनरला १४, मुक्त निवडीच्या विषयांना ८, इंटर्नशिपला १२, समाजाशी निगडित प्रकल्पाला किंवा फील्ड प्रोजेक्टला ४, भारतीय ज्ञान प्रणालीला २. मधेच शिक्षण सोडावं लागलं तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका. ज्याच्या घरी अचानक अडचण येते, त्याची दोन वर्षं पाण्यात जाऊ नयेत ही सोय मला मनापासून पटते. अशी पोरं मी पाहिली आहेत. वडील गेले, शेत बघायला कुणी नाही, म्हणून तिसऱ्या वर्षाला बाक रिकामं झालेलं पाहिलं आहे.

खानदेशातल्या अभियांत्रिकीला अशा बदलांची सवय आहे. फैजपूरचं जे. टी. महाजन अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालचं. तेव्हा सगळा कारभार पुणे विद्यापीठाचा. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, पुढे त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. नंतर इथली बरीचशी अभियांत्रिकी महाविद्यालयं लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेली. प्रत्येक वेळी नवा पॅटर्न आला, जुन्या पॅटर्नच्या केटी राहिलेल्या पोरांची धावपळ झाली, आम्ही नव्या कोर्स फाइल केल्या. एकाच गावात, एकाच रस्त्यावरून कॉलेजला जाणाऱ्या थोरल्या भावाचे आणि धाकट्या भावाचे विषय वेगळे, गुणांचा हिशेब वेगळा, पदवीवरचं विद्यापीठाचं नावही वेगळं. दोघांना नोकरीत सारखंच काम करताना बघितलं की वाटतं, एवढ्या उलथापालथीत त्या दोघांमध्ये सारखं राहिलं ते नेमकं काय? ते ज्याला सापडेल त्याने खरं तर पदवीच्या अटी लिहायला घ्याव्यात.

मला ते सापडलं आहे असं वाटतं आणि पुन्हा निसटतं. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगचा एक साधा जॉब असतो. माइल्ड स्टीलच्या दोन चौकोनी पट्ट्या. एकीला व्ही आकाराची खाच, दुसरीला तिच्यात बसणारं टोक. पोरगं वाइसमध्ये पट्टी आवळतं आणि कानस चालवू लागतं. सुरुवातीला कानस मधे जास्त खाते की कडांना, हे त्याला कळत नाही. कडा झडतात, मधे उंचवटा राहतो. मग ते गुण्या लावून पट्टी उजेडाकडे धरतं. गुण्या आणि पट्टी यांच्या फटीतून उजेड दिसतो. पुन्हा कानस. पुन्हा उजेड. तळहात लाल होतात, खांदा भरून येतो. कधीतरी एक क्षण येतो, उजेड यायचा थांबतो, आणि पोरगं काही न बोलता पट्टी शेजारच्याला दाखवतं. सपाट म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी हाताने कळलेलं असतं. प्रॅक्टिकलच्या दोन तासांना एक क्रेडिट मिळतं. ज्याने जॉब स्वतः घासला त्याला तेवढंच, आणि ज्याने कुणाकडून तरी घासून आणला त्यालाही तेवढंच. जर्नलमध्ये दोघांची आकृती सारखीच सुंदर असते. या फटीतून येणारा उजेड बघायला आमच्याकडे गुण्या नाही.

म्हणजे पुन्हा आडावरच आलो. पण मी सिव्हिलचा माणूस. आड म्हटलं की मला खरा आड दिसतो, आणि त्याबाबत ही म्हण मला दिवसेंदिवस अपुरी वाटू लागली आहे.

यावल-रावेरच्या पट्ट्यात जुन्या घरांच्या मागे आड असायचे. शेतात विहिरी, विहिरीवर मोट, मग इंजिन, मग मोटार. आज फैजपूर-न्हावीच्या शिवारात अशा कितीतरी विहिरी तळापर्यंत कोरड्या आहेत. वाकून बघितलं तर खाली पालापाचोळा, प्लॅस्टिक आणि एखादं उगवलेलं झुडूप. पाणी शेकडो फूट खोल बोअरमध्ये गेलं. भूजलाच्या अहवालात यावल आणि रावेर ही नावं वर्षानुवर्षं धोक्याच्या रकान्यात आहेत. वर्गात मी विचारतो, पोहरा कुणी पाहिलाय? एखादाच हात वर येतो, तोही आजीच्या घरी अडगळीत पाहिला म्हणून. म्हण पोरांना पाठ आहे, तिच्यातली एकही वस्तू त्यांनी वापरलेली नाही. तरी पाणी खोल जाणं म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. घरी बापाने काढलेल्या नव्या बोअरचं कर्ज त्यांना ठाऊक असतं.

इथे आडात पाणी कुठून यायचं? सातपुड्यातून. डोंगर संपतो तिथे पायथ्याशी मोठमोठे गोटे, खडी, रेती यांचा जाड थर आहे. हजारो वर्षांत नद्यांनी वाहून आणून टाकलेला. त्याला बझाडा म्हणतात. सुकी, मोर यांसारख्या नद्या डोंगरातून धावत येतात आणि या थरात शिरल्या की त्यांचं पाणी भराभर जिरतं. खालच्या अंगाला तापीचा गाळाचा पट्टा, कित्येक मीटर जाड. बझाड्यात जिरलेलं पाणी सावकाश या गाळाकडे सरकतं. फैजपूरच्या आडात जे दिसायचं ते त्या वर्षीच्या पावसाचंच असेल असंही नाही. ते कुठल्या तरी जुन्या पावसाळ्यात, कुठल्या तरी नदीच्या पात्रात, डोंगराजवळ जिरलेलं पाणी होतं.

मग आडात नाही याचा दोष आडाला कसा द्यायचा? आडाचं स्वतःचं काहीच नसतं. तो एक खड्डा आहे, आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी जिथे दिसतं तो. म्हण आडापाशी थांबते. आपणही तिथेच थांबतो आणि शाळेला, आईबापांना, शिक्षकाला कोरडा म्हणून मोकळे होतो. शिक्षकही आडच. त्याच्यात कोण, कुठे, किती वर्षांपूर्वी जिरवलं होतं? आणि आता कोण जिरवतंय? तासिका तत्त्वावर वर्षावर्षाच्या बोलीने शिकवणारा तरुण, ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याच्याकडे बोट दाखवून ही म्हण म्हणायला माझी जीभ वळत नाही.

या पट्ट्यात आता पाणी उलट घालायची भाषा सुरू आहे. तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन बझाड्यात जिरवायचं, म्हणजे जमीन पुन्हा भरेल, अशी तापी मेगा रिचार्जची कल्पना आहे. तिच्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये भोपाळला करार झाला. आम्ही लहानपणापासून ज्याला वाहून जाणारं पाणी म्हणत आलो, ते आडाच्या मागच्या दाराने आत शिरवायचं. ते साधलं तर ही म्हण या दोन तालुक्यांत तरी नव्याने ऐकावी लागेल. आडात नसेल तर आधी डोंगराकडे जावं लागेल, काम करावं लागेल आणि मग काही वर्षं वाट बघावी लागेल. शिक्षणात ही वाट बघायची तयारी कुणाची आहे? आमचा पॅटर्न पाच-सहा वर्षांत बदलतो. पहिली तुकडी बाहेर पडून कुठे काय करतेय हे कळायच्या आत पुढच्या पॅटर्नच्या बैठका सुरू होतात.

खानदेशात आणि पाण्यात शिरलो की मला विश्वेश्वरय्या आठवतात. पंधरा सप्टेंबरला अभियंता दिनी आम्ही त्यांच्या फोटोला हार घालतो. फोटोत ते पगडी घातलेले, वृद्ध, भारतरत्न असतात. मला त्यांचं तेविसाव्या वर्षाचं रूप जास्त जवळचं वाटतं. १८८३ साली पुण्याच्या कॉलेजातून एल.सी.ई. परीक्षेत ते पहिले आले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले आणि सुरुवातीलाच खानदेशात आले. काम मिळालं ते पांझरा नदीच्या पाटावर नळाचा सायफन घालण्याचं. पावसाने काम अडलं. पाऊस ओसरेपर्यंत काम थांबवावं असं त्यांनी कळवलं, ते वरिष्ठांना रुचलं नाही, आणि शेवटी त्या नदीशी झुंजत त्यांनी ते पुरं केलं. पुस्तकातल्या सायफनमध्ये पाणी नेहमी स्वच्छ असतं. पांझरेच्या पुरात गाळ असतो, वाळू असते, आणि वेळापत्रक नदीचं असतं. विश्वेश्वरय्यांच्या पदवीला कुणी कमी म्हणणार नाही. तरी ती पदवी आणि ती नदी यांच्यामध्ये एक पावसाळा होता, आणि त्या पावसाळ्याला कुठल्याच विद्यापीठाने क्रेडिट दिलेलं नाही.

त्याच पांझरेवर त्यांच्या कितीतरी आधीपासून फड पद्धत चालत होती. नदीवर ओळीने बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या वर्षी ज्या फडात ऊस, तिथे पुढच्या वर्षी दुसरं पीक, असा फेरा. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, वर गावाने निवडलेले पंच. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असे, त्यामुळे टंचाईची झळ एकट्यादुकट्यावर पडत नसे. यात पाट किती उताराने न्यायचा, सांडवा कुठे ठेवायचा, गाळ कधी काढायचा, भांडण कसं मिटवायचं, हे सगळं आलं. नकाशा नव्हता, पण पाण्याला वाट बरोबर मिळत होती. वरच्या अंगाला धरणं झाली, शेतोशेती विहिरी आणि मोटारी आल्या, आणि बरेचसे फड मोडकळीस आले. काही ठिकाणी बंधारे अजून उभे आहेत.

आता अभ्यासक्रमात भारतीय ज्ञान प्रणालीला दोन क्रेडिट आहेत. मला त्याचं मनापासून स्वागत करावंसं वाटतं, आणि काळजीही वाटते. त्या दोन क्रेडिटांत पोरं काय वाचतील? प्राचीन ग्रंथांची नावं पाठ करतील की पांझरेकाठी साक्री तालुक्यात जाऊन एखाद्या म्हाताऱ्या पाटकऱ्याजवळ बसतील? फड पद्धतीचं ज्ञान पुस्तकात मावलेलं नाही. ते जबाबदारीत होतं. पाटकऱ्याने पाणी चुकवलं तर गाव त्याला जाब विचारत असे. आमच्या परीक्षेत चूक झाली तर पोराचे दोन गुण जातात, कुणाचं शेत वाळत नाही. जबाबदारीशिवाय ते ज्ञान शिकवता येतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. येत नसावं असं वाटतं. पण मग आपण वर्गात जे जे शिकवतो त्यातलं किती टिकेल, असा प्रश्न उभा राहतो, आणि तो फार लांब जातो.

म्हणून मी छोट्या गोष्टीपाशी येतो. फील्ड प्रोजेक्टची चार क्रेडिट. मला वाटत होतं, अशी जबाबदारी पोरांना द्यायची हीच ती जागा. फैजपूरच्या आसपासच्या, अजून तळाशी पाणी असलेल्या दहा-वीस जुन्या विहिरी पोरांना वाटून द्याव्यात. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, टेपला खडू लावायचा, आत सोडायचं, काठावरच्या आकड्यातून खडू भिजला तेवढी लांबी वजा करायची आणि उरलेला आकडा वहीत लिहायचा. खर्च जवळजवळ शून्य. चार वर्षांत त्या वहीत जे जमेल ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्यातले मे आणि ऑक्टोबर महत्त्वाचे. मे म्हणजे पाणी सगळ्यात खाली गेलेलं, ऑक्टोबर म्हणजे पावसाने काय दिलं त्याचा हिशेब.

आणि मे महिन्यात आमची मुलं परीक्षेच्या धामधुमीत असतात, नाहीतर सुट्टीत घरी गेलेली असतात. सत्र आमच्या सोयीने आखलेलं आहे, जमिनीतलं पाणी त्याच्या सोयीने चढतं-उतरतं. फील्ड प्रोजेक्ट एका सत्रात सुरू होऊन त्याच सत्रात संपला पाहिजे, म्हणजे गुण भरता येतात. एका सत्रात विहीर काहीच सांगत नाही. तिला निदान दोन पावसाळे द्यावे लागतात.

याहून मोठी अडचण पुढे आहे. समजा, विहीर मोजणं सगळ्यांना सक्तीचं केलं. दोन वर्षांत काय होईल हे कुठलाही शिक्षक सांगेल. मागच्या बॅचची वही पुढच्या बॅचच्या हाती येईल, आकड्यांत थोडे इंच इकडचे तिकडे होतील, आणि विहिरीकडे कुणी फिरकणार नाही. सक्ती नाही केली तर ज्याला आवड आहे तो एकटा जाईल, बाकीचे जाणार नाहीत. सक्तीने गोष्ट मरते आणि सक्तीवाचून ती जन्मतच नाही. याचा एक जुना दाखला इथलाच आहे. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष. बांबूंचं टिळकनगर उभं राहिलं, नंदलाल बोसांनी ते सजवलं, गांधीजींनी ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनात खेड्याच्या हातांचं मोल सांगितलं. त्यानंतर दहा महिन्यांनी वर्ध्याला नई तालीमची परिषद झाली. हाताचं काम हेच शिक्षणाचं केंद्र करायचं असं ठरलं. ज्यांनी ते मनापासून केलं त्या शाळांतून फार चांगली माणसं निघाली. जिथे ते वरून आलेल्या हुकमासारखं पोहोचलं, तिथे सूत कातायची टकळी वेळापत्रकातल्या एका तासापुरती उरली. विचार इतका खरा होता, सांगणारा माणूस एवढा मोठा होता, तरी तो सगळीकडे रुजला नाही. मग आमच्या चार क्रेडिटांचं काय?

कधी वाटतं, पदवीच्या अटी जितक्या कमी तितकं बरं. गणित, पदार्थविज्ञान, ड्रॉइंग आणि आपापल्या शाखेचा गाभा पक्का करावा, बाकी जमीन मोकळी सोडावी. मोकळ्या जमिनीतच पाणी जिरतं. लगेच दुसरं मन म्हणतं, मोकळी सोडलेली जागा शहरातल्या पोरांना भरता येते. त्यांच्याभोवती कारखाने असतात, ओळखी असतात. फैजपूर, यावल, चोपड्याच्या पोराला जे अभ्यासक्रमात नाही ते बहुधा कुठेच मिळत नाही. त्याच्यासाठी अट हीच संधी असते. इंटर्नशिप सक्तीची झाली म्हणून कुणी पहिल्यांदा मोठ्या कारखान्याच्या दारातून आत गेला, हेही मी पाहिलं आहे. या दोन मतांमध्ये मी कुठे उभा आहे ते मला आज सांगता येत नाही. महिन्यापूर्वी विचारलं असतं तर लगेच सांगितलं असतं.

तेव्हा अभ्यासक्रमाचं जे व्हायचं ते मंडळांत होईल. माझं मागणं गावकऱ्यांकडे आहे. तुमच्या मळ्यात जुनी कोरडी विहीर असेल तर ती बुजवू नका. तोंडावर जाळी टाका, म्हणजे जनावर पडणार नाही, पण बुजवू नका. जमिनीत पाणी चढतंय की उतरतंय, हे बघायला तेवढी एकच खिडकी उरली आहे. कॉलेजची पोरं टेप घेऊन आली तर त्यांना आत येऊ द्या, मोटार कधी चालू असते ते सांगा, नवी बोअर किती फुटांवर लागली तेही लपवू नका. आणि ती फेब्रुवारीत येऊन गेली असतील, तर मे महिन्यात पुन्हा या म्हणून सांगा.